स्टिरिओ विवर्धकातील गुणगुण व गोंगाट

स्टिरिओ विवर्धकातील गुणगुण व गोंगाट : मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला, परंतु विवर्धकात किंवा त्याला जोडलेल्या साधनांत निर्माण होऊन ध्वनिक्षेपकातून ऐकू येणारा अनिष्ट आवाज. विवर्धक म्हणजे व्यवहारातील ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक म्हणजे स्पीकर होय. अशा आवाजाचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात : विद्युत् पुरवठ्याच्या कंप्रतेशी (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येशी) निगडित असलेली खोल, अखंड गुणगुण, तिच्यापेक्षा कर्कश अशी भुणभुण, पावसाच्या सरीसारखी एकसारखी सळसळ, आणि अनियमितपणे होणारी खरखर किंवा टकटक. या प्रत्येकाची कारणे वेगळी असल्याने आवाज नीट ऐकून त्याचा प्रकार ओळखणे ही दोषशोधनाची पहिली पायरी ठरते. प्रकार न ओळखता एकामागून एक घटक बदलत गेल्यास खर्च वाढतो व दोष बहुधा तसाच राहतो.

घरगुती स्टिरिओ विवर्धकात डावा व उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग असतात. प्रत्येक मार्गात क्षीण संदेश वाढविणारा पूर्वविवर्धक, आवाजाची पातळी ठरविणारा नियंत्रक आणि ध्वनिक्षेपक चालविणारा शक्तिविवर्धक हे टप्पे असतात. शक्तिपुरवठा मात्र बहुधा दोन्ही मार्गांना मिळून एकच असतो. ही रचना ध्यानात ठेवल्यास दोषाची जागा शोधणे सोपे जाते.

गुणगुण : भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाच्या रूपात मिळते. विवर्धकातील रोहित्र तिचा दाब कमी करते, एकदिशकारक तिला एकाच दिशेचे रूप देतो आणि मोठ्या धारणेची विद्युत् विच्छेद्य धारित्रे तिच्यातील चढउतार भरून काढतात. पूर्णतरंग एकदिशकारकामुळे उरणाऱ्या तरंगिकेची (चढउताराची) कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. ४,७०० मायक्रोफॅराड धारणेच्या धारित्रातून १ अँपिअर प्रवाह घेतला जात असता ही तरंगिका सु. २ व्होल्ट असते. धारित्र जुने होऊन त्याची धारणा निम्मी झाल्यास ती सु. ४ व्होल्ट होते आणि गुणगुण स्पष्टपणे जाणवू लागते. एकदिशकारक सेतूतील एखादा डायोड खंडित झाल्यास ५० हर्ट्‌झचा घटकही उमटतो.

याउलट रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र, संदेशवाहक तारेच्या सदोष आवरणामुळे होणारे प्रवर्तन किंवा भूसंपर्काचे वलय यांमुळे मुख्यत्वे ५० हर्ट्‌झची गुणगुण येते. १०० हर्ट्‌झचा नाद ५० हर्ट्‌झच्या नादाच्या बरोबर वरच्या सप्तकातील असल्याने सरावलेल्या कानास हा भेद कळतो. लहान ध्वनिक्षेपक मात्र ५० हर्ट्‌झचा नाद पुरेसा उमटवीत नाहीत व त्याचे वरचे स्वरांशच ऐकू येतात, म्हणून केवळ कानाने केलेल्या निदानास पुढील चाचण्यांची जोड द्यावी लागते.

तबकडीवादकाच्या बाबतीत गुणगुणीचा धोका अधिक असतो. चुंबकीय ध्वनिपेटीकडून मिळणारा संदेश सु. ५ मिलिव्होल्ट म्हणजे इतर साधनांच्या संदेशाच्या सु. शतांश असतो. शिवाय तबकडीच्या ध्वनिमुद्रणासाठी ठरलेल्या समकरणानुसार ५० हर्ट्‌झचा घटक १,००० हर्ट्‌झच्या घटकापेक्षा सु. सातपट अधिक वाढविला जातो. त्यामुळे तबकडीवादक रोहित्रापासून दूर ठेवणे व त्याची स्वतंत्र भूतार विवर्धकाच्या त्यासाठीच असलेल्या खिळीला जोडणे आवश्यक असते.

भूसंपर्काचे वलय : व्यवहारात ज्याला अर्थिंग म्हणतात तो भूसंपर्क दोन साधनांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळाला व तीच साधने संदेशवाहक तारेच्या आवरणानेही परस्परांना जोडली गेली, म्हणजे एक बंद वलय तयार होते. दोन भूसंपर्कांच्या पातळीतील अल्प फरकामुळे किंवा भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रामुळे या वलयातून प्रवाह वाहतो. तारेच्या आवरणाचा रोध ०.१ ओहम व प्रवाह १०० मिलिअँपिअर असल्यास १० मिलिव्होल्ट दाब निर्माण होऊन तो संदेशात मिसळतो. संदेश अर्धा व्होल्ट असेल, तर गुणगुण त्याहून केवळ ३४ डेसिबेल खाली राहते; गाण्यातील विरामांत ती सहज ऐकू येते. दूरचित्रवाणी संच, छतावरील तबकडी आकाशकाची तार व भूसंपर्कित प्रभारक लावलेला संगणक ही अशा वलयाची नेहमीची कारणे आहेत.

भुणभुण : पंख्याच्या वेगाचे इलेक्ट्रॉनीय नियामक, प्रकाश कमीजास्त करणारी साधने व काही एलईडी दिवे विजेच्या तरंगाचा भाग कापून घेतात किंवा त्यात उच्च कंप्रतेचे घटक मिसळतात. त्यांपासून होणारा आवाज कर्कश असतो व ते साधन बंद करताच थांबतो. चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरचाही परिणाम असाच होतो. त्याच्या तरंगात १५०, २५० इ. हर्ट्‌झचे विषम गुणित घटक विपुल असतात. २००५ च्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन तीव्र झाले, तेव्हा घरोघरी असे इन्व्हर्टर आले. वीज गेल्यावरच होणारी भुणभुण हा विवर्धकाचा दोष नसून इन्व्हर्टरच्या तरंगाचा परिणाम असतो.

सळसळ : कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे त्याच्या दोन टोकांमध्ये यादृच्छिक दाब उत्पन्न होतो. जे. बी. जॉन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत याचे मापन केले व हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती मांडली. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा दाब निरपेक्ष तापमान, रोध व कंप्रतापट्टा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १० किलोओहम रोधात २७° से. तापमानास २० किलोहर्ट्‌झ पट्ट्यात तो सु. १.८ मायक्रोव्होल्ट भरतो. ही सळसळ पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. कान ध्वनिक्षेपकाला लावल्यावरच ऐकू येत असेल, तर तिला दोष मानण्याचे कारण नाही. ती एकाच मार्गात अधिक असल्यास मात्र त्या मार्गाच्या पूर्वविवर्धकातील ट्रँझिस्टर किंवा संकलित मंडल सदोष असण्याचा संभव असतो.

खरखर : आवाजाची पातळी बदलणाऱ्या नियंत्रकाच्या पट्टीवर धूळ बसणे, निवडकळीचे संपर्क काळवंडणे आणि झाळकामाचा सांधा तडकणे ही खरखरीची मुख्य कारणे होत. नियंत्रक फिरविताना खरखर होत असल्यास संपर्क स्वच्छ करणारे द्रव्य फवारून तो अनेकदा पुढेमागे फिरवावा. विवर्धकाच्या पेटीवर हलकेच टिचकी मारल्यावर आवाज होत असल्यास सांध्याची तपासणी करावी लागते.

दोषस्थानाचा शोध : पेटी न उघडता पुढील क्रमाने शोध घेतल्यास बहुतेक दोषांची जागा निश्चित होते. (१) आवाजाची पातळी शून्यावर आणावी. गुणगुण तशीच राहिल्यास दोष नियंत्रकानंतरच्या शक्तिविवर्धकात किंवा शक्तिपुरवठ्यात असतो. पातळीबरोबर ती कमीजास्त होत असल्यास दोष नियंत्रकाच्या आधी असतो. (२) निवडकळ फिरवून पहावी. एकाच साधनाच्या वेळी गुणगुण येत असेल, तर ते साधन किंवा त्याची तार सदोष असते. (३) सर्व संदेशवाहक तारा काढून त्या एकेक करून पुन्हा जोडाव्या. ज्या तारेने गुणगुण सुरू होते तिच्याद्वारे वलय पूर्ण होत असते. (४) विवर्धक बंद करून त्याच्या डाव्या व उजव्या प्रवेशांच्या तारांची अदलाबदल करावी. गुणगुण दुसऱ्या बाजूस गेल्यास दोष तारेत किंवा साधनात, पूर्वीच्याच बाजूस राहिल्यास विवर्धकात असतो. (५) दोन्ही बाजूंस सारखीच गुणगुण असल्यास सामाईक शक्तिपुरवठ्याचा संशय घ्यावा. अचानक मोठी गुणगुण सुरू होऊन ध्वनिक्षेपकाचा शंकू एका बाजूस ओढला गेल्यास विवर्धक तत्काळ बंद करावा. अंतिम ट्रँझिस्टर निकामी होऊन एकदिश प्रवाह ध्वनिक्षेपकात जात असल्याची ती खूण होय व त्याने ध्वनिक्षेपकाचे वेटोळे जळते.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यान असलेले नशिराबाद आणि तापीच्या खोऱ्यातील इतर गावे यांच्या हवामानाचा या दोषांशी निकटचा संबंध आहे. या भागात मे महिन्यात कमाल तापमान कधीकधी ४५° से.च्या वर जाते. उन्हाळ्यात विवर्धकाचा आवाज बिघडल्यास सामान्यतः सळसळ वाढली असे समजले जाते. परंतु २७° से.वरून ४५° से.पर्यंत तापमान वाढल्याने औष्णिक गोंगाटाचा दाब केवळ सु. ३ टक्के वाढतो व तो फरक कानास कळत नाही. उष्णतेचा खरा आघात धारित्रांवर होतो. त्यांच्यातील विद्युत् विच्छेद्य द्रव हळूहळू बाहेर पडून ती सुकतात. सामान्य नियमानुसार तापमान १०° से.ने वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. ८५° से.ला २,००० तास टिकणारे धारित्र पेटीतील ४५° से. तापमानास सु. ३२,००० तास, तर ६५° से.ला सु. ८,००० तास टिकते. रोज चार तास वापर धरल्यास हा फरक सु. २२ वर्षे व साडेपाच वर्षे इतका पडतो. म्हणून या प्रदेशात १०५° से.साठी बनविलेली धारित्रे वापरणे, विवर्धकाच्या वर व बाजूंना हवा खेळण्यास जागा ठेवणे आणि तो बंद कपाटात न ठेवणे हे हितावह असते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ येथून आणलेल्या सुट्या भागांपासून जोडलेल्या विवर्धकांतही ही काळजी घेतली, तर गुणगुण उद्भवण्यास बराच अधिक काळ लागतो.

ग्रामीण भागात विजेचा दाब कमी होणे हेही गुणगुणीचे एक कारण आहे. पूर्वविवर्धकास १५ व्होल्ट देणारा सामान्य दाबनियामक नीट चालण्यास त्याच्या प्रवेशाशी सु. २ व्होल्ट अधिक दाब लागतो. २३० व्होल्ट पुरवठा असता प्रवेशाशी २० व्होल्ट मिळत असतील, तर पुरवठा १८० व्होल्टपर्यंत उतरल्यावर केवळ १५.७ व्होल्ट मिळतात. नियामक निष्प्रभ होऊन तरंगिका थेट पूर्वविवर्धकात शिरते. कृषिपंप सुरू असताना किंवा संध्याकाळी भार वाढल्यावरच गुणगुण येत असल्यास प्रथम पुरवठ्याचा दाब मोजावा. अशा वेळी धारित्रे बदलून उपयोग होत नाही.

भूसंपर्क व सुरक्षितता : भूसंपर्काच्या वलयामुळे होणारी गुणगुण थांबविण्यासाठी पिनजोडीतील जाड तिसरी पिन काढून टाकण्याचा किंवा तिची तार तोडण्याचा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. वलय खंडित झाल्याने गुणगुण थांबते व त्यामुळे हा उपाय योग्य वाटतो. परंतु तो प्राणघातक ठरू शकतो. रोहित्राचे निरोधन बिघडून २३० व्होल्ट दाब पेटीच्या धातूपर्यंत आल्यास भूतारेच्या अभावी वितळतार वितळत नाही आणि पेटीला स्पर्श करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. संदेशवाहक तारेच्या आवरणातून हा दाब दुसऱ्या साधनाच्या पेटीवरही पोहोचतो. मुळातच दोन पिनांचे व दुहेरी निरोधन असलेले साधन मात्र भूसंपर्काविना सुरक्षित असते. त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते.

केवळ तिसरी पिन शाबूत असणेही पुरेसे नसते. तापी खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते. भूसंपर्काच्या नळीभोवतीची माती सुटते व तिचा रोध वाढतो. तो २० ओहम झाल्यास पेटीतून जमिनीत जाणारा दोषप्रवाह ११.५ अँपिअर इतकाच होतो आणि घरातील १६ अँपिअरचा परिपथखंडक उघडत नाही. यासाठी नळीभोवती मीठ व कोळशाचे थर ठेवून उन्हाळ्यात तेथे नियमित पाणी घालणे आणि ३० मिलिअँपिअर गळतीप्रवाहास उघडणारा खंडक बसविणे आवश्यक असते. भूसंपर्काविषयीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ ही असून तिची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली.

वलयजन्य गुणगुणीवर सुरक्षित उपाय उपलब्ध आहेत. सर्व साधनांना एकाच पाटीवरून वीज द्यावी, म्हणजे त्यांचा भूसंपर्क एकाच बिंदूस होतो. संदेशवाहक तारा आखूड ठेवाव्या व त्या विजेच्या तारांना समांतर नेऊ नयेत. तरीही गुणगुण राहिल्यास संदेशाच्या मार्गात विलगन रोहित्र बसवावे. त्यातून संदेश पुढे जातो, पण वलय तुटते आणि पेटीचा भूसंपर्क अबाधित राहतो. पेटी उघडण्याचा प्रसंग आल्यास प्रथम पिनजोडी काढून धारित्रे १०० ओहमच्या, पुरेशा शक्तीच्या रोधकातून विसर्जित करावी. निर्वात नलिकांच्या विवर्धकात ३०० ते ४५० व्होल्ट दाब असतो व वीज काढल्यावरही तो काही काळ टिकतो; म्हणून अशा विवर्धकाची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घेणे इष्ट असते.