वंशावळी-संशोधन (अहिल्यानगर जिल्हा)

वंशावळी-संशोधन : कुलातील पिढ्यांचा क्रम, मूळ गाव व शाखा यांचा पुराव्यांच्या आधारे घेतलेला शोध. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील कुटुंबांना यासाठी पूर्वी बरीच पायपीट करावी लागे. नासिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. ख्रिस्ती कुटुंबांना १८३१ मध्ये नगर येथे कार्य सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी उपयोगी पडतात. कुलवृत्तांत छापणारी घराणी मोजकीच. सामान्य शेतकऱ्याचा आधार म्हणजे महसुली कागद, गावची जन्म-मृत्यू नोंदवही (‘कोतवाल बुक’) आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

महाजालामुळे या शोधाची दिशा पालटली. सातबारा उतारे घरबसल्या दिसू लागले. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे तपासली गेली व नोंदींच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर ठेवल्या. जिज्ञासेचा हा विषय अशा रीतीने हक्काचा झाला; कारण इतर मागासवर्गाच्या जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणि अर्जदाराला त्या पूर्वजाशी जोडणारी वंशावळ, ही दोन्ही लागतात.

प्रतिमा सापडली म्हणजे पूर्वज सापडला, असे मात्र नव्हे. अनेक जुन्या नोंदी मोडी लिपीत असून ती वाचणारे थोडे आहेत. पुष्कळ नोंदींत आडनावही नसते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेने घोटाळा वाढतो : ‘रामा बिन सखाराम’ हा आजा असेल, तसाच त्याचा नातूही. अशा वेळी नोंदीचे वर्ष, जमिनीचा सर्व्हे क्रमांक व भाऊबंदांची नावे ताडून पाहावी लागतात. हे काम संगणकाचा शोध करीत नाही. उलट नुसत्या नामसाम्यावर परक्याचा पूर्वज आपला मानण्याचा धोका त्याने वाढविला आहे.

स्त्रियांच्या नोंदी हे या साधनांचे सर्वांत दुबळे अंग होय. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलण्याच्या रूढीमुळे माहेरचा धागा तुटतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर झालेल्या वारस-फेरफारात मात्र विधवेचे व कधी मुलींचेही नाव आढळते. म्हणून सातबाऱ्यावर न थांबता त्यावरील फेरफार क्रमांकावरून मूळ नोंद (गाव नमुना ६) काढणे फलदायी ठरते.