मिठाची झिलई आणि लोणच्याची बरणी

भंडारा जिल्ह्याची ओळख पितळी भांड्यांची. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, भंडारा शहरात काय किंवा नदीपलीकडच्या करडीसारख्या गावात काय, जुन्या घरातली पितळी घागर आणि परात पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. पण पितळेच्या या मुलुखातही लोणचं कुणी पितळेत घातलं नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट कळकतं, हे सांगायला रसायनशास्त्र लागलं नाही. मीठ आणि आम्ल मिळून धातू खातात. माठही चालत नाही, कारण तो पाझरतो. पाझरतो म्हणूनच पाणी गार करतो. राहिली ती चिनी मातीची बरणी.

हे नाव मात्र फसवं आहे. खरी चिनी माती पांढरीशुभ्र. तिच्या पातळ कपाच्या कडेतून उजेड दिसतो. लोणच्याच्या बरणीचा फुटका तुकडा पाहावा: राखाडी किंवा पिवळट, जाड, दगडासारखा घट्ट. हे स्टोनवेअर. कुंभाराच्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियस उष्णता मिळते आणि भांडं सच्छिद्र राहतं. स्टोनवेअरची माती १२०० अंशांपुढे भाजली की तिच्यातला काही भाग काचेसारखा वितळतो, छिद्रं बुजतात. म्हणजे बरणी खार धरून ठेवते ती मुळात अंगच्या घट्टपणामुळे. वरची चकाकी दुय्यम.

या भांड्यांना झिलई देण्याची सर्वांत साधी रीत मिठाची. ती जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात मध्ययुगाच्या अखेरीस रुळली. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइटनं १६७२ मध्ये स्टोनवेअरचं पेटंट घेतलं. भट्टी ऐन तापल्यावर तिच्यात खाण्याचंच मीठ टाकायचं. त्याची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतं आणि भांड्यावर काचेचा पातळ थर धरतो. हाताला तो संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत लागतो. विदर्भातल्या वाचकाला यापेक्षा जवळची उपमा देता येणार नाही. या झिलईत शिसं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष असा की, भट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. शिवाय वाफ अरुंद तोंडातून आत नीट पोचत नाही, म्हणून आतल्या बाजूला वेगळी झिलई आधीच फिरवावी लागते.

आपल्याकडे मिठाची झिलई गाजली ती स्वयंपाकघरात नव्हे, गटारात. राणीगंजला बर्न कंपनीनं आणि जबलपूरच्या कारखान्यांनी सांडपाण्याचे तपकिरी नळ केले; जुन्या वस्तीत खोदकाम झालं की त्यांचे तुकडे आजही वर येतात. खांद्याला तपकिरी, खाली दुधी अशी आपली ओळखीची बरणी बहुधा या रीतीची नसते. तिला दोन रंगांच्या पातळ झिलईत बुडवून एकदाच भाजतात. १८३५च्या सुमारास ब्रिस्टलच्या कुंभारांनी रूढ केलेली ही पद्धत. उत्तर प्रदेशातलं खुर्जा आणि गुजरातमधलं थानगढ-वांकानेर ही आज अशा मालाची मोठी ठिकाणं. सौराष्ट्रातला हा उद्योग उभारण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा वाटा होता, हे आपल्याकडे फारसं आठवलं जात नाही. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारकामात नव्या भट्ट्या आणि झिलया आणल्या.

तेव्हा ‘जुनी मिठाच्या झिलईची बरणी’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर आधी अंगावरून बोट फिरवावं. सालीसारखा खडबडीतपणा नसेल तर ती तशी नाही. तरी ती वाईट ठरत नाही. लोणच्याला दुरंगी बरणीही तितकीच चांगली. मग तिला उलटी करावी. बुडाच्या कडेला झिलई नसते. तिथं पाण्याचा थेंब ठेवावा. पटकन शोषला गेला तर माती कच्ची आहे. बोटाच्या पेरानं वाजवावी. घुमली तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. आत हळदीचं पाणी फिरवून पुसावं, केसासारख्या भेगा पिवळ्या उठतात. वापरातल्या बरणीला बाहेरून पांढरं मीठ फुटत असेल, तर खार अंगातून झिरपतो आहे. ती बरणी कोरड्या धान्याला ठेवावी.

खरी भीती वेगळीच आहे. भडक लाल, नारिंगी, पिवळ्या रंगाच्या, कमी आचेवर भाजलेल्या शोभेच्या बरण्यांत शिशाची किंवा कॅडमियमची झिलई असू शकते आणि लिंबाचा रस ती हळूहळू सोडवतो. हे घरी चाखून, हुंगून कळत नाही, प्रयोगशाळाच लागते. त्यामुळे शंका असलेल्या बरणीत फुलं ठेवावीत, लोणचं नाही. आजीची साधी तपकिरी बरणी टाकून प्लास्टिकचा डबा आणणाऱ्यांनी मात्र एकदा त्या डब्यावरचे हळद-तेलाचे डाग आणि वास घासून काढून पाहावा.

झाकण हरवलेली बरणी स्वस्तात मिळते. ती घ्यायला हरकत नाही. तोंडाची कड अखंड असली की पुरे. दादरा बांधायला तेवढीच लागते.