बॅटरीतला धोंडा कधी गडगडतो?

आपल्या नगरच्या व्हीआरडीईचं नाव तुम्ही लष्करी गाड्यांसाठी ऐकलं असेल. पण बाजारात येणाऱ्या नव्या गाड्या तपासून त्यांना मंजुरी देण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकीही ही एक आहे. 2022 मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले.

बॅटरीतली आग एवढी भडकते कशामुळे? एक मोठं कारण म्हणजे आतला द्रव इलेक्ट्रोलाइट. तो पेट घेतो. मग द्रवाऐवजी घन पदार्थच वापरला तर? 2011 मध्ये जपानच्या कान्नो यांच्या टीमने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचा ‘एलजीपीएस’ हा घन पदार्थ शोधला. त्यातून लिथियम आयन जवळपास द्रवातल्याइतक्याच वेगाने धावतात. झालं की काम!

थांबा. इथे तुमचा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आडवा येतो.

कळसूबाई चढताना उतारावर अडकलेला धोंडा पाहिलाय? त्याला खाली बारी गावाकडेच जायचंय, कारण खाली ऊर्जा कमी. पण मध्ये कपारीने अडवलं, की तो वर्षानुवर्षं तिथेच. पदार्थांचंही तसंच. ‘अस्थिर’ म्हणजे लगेच मोडणारा, असं नाही.

एलजीपीएस 0 ते 5 व्होल्टपर्यंत टिकतो असं आधी मानलं जायचं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी गणित मांडलं. निघालं काय? तो खरा स्थिर आहे फक्त साधारण 1.7 ते 2.1 व्होल्टमध्ये. बॅटरीच्या एका टोकाला लिथियम धातू म्हणजे 0 व्होल्ट, दुसऱ्या टोकाला 4 च्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे गडबड! लिथियमला चिकटल्यावर तो मोडतो आणि त्यातून लिथियम-जर्मेनियमचा मिश्रधातू तयार होतो. मिश्रधातूतून इलेक्ट्रॉन जातात, म्हणून मोडणं थांबत नाही. लोखंडाच्या गंजासारखं.

‘लिपॉन’ नावाचा पदार्थही गणितात अस्थिरच. पण तो मोडून जो पातळ थर बनतो, तो इलेक्ट्रॉन अडवतो आणि पुढची मोडतोड थांबते. घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावरच्या थरासारखं. 2007 मध्ये मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनी शोधलेला ‘एलएलझेडओ’ तर लिथियमपुढे जवळपास स्थिरच राहतो. मात्र दमट हवेत त्याच्यावर लिथियम कार्बोनेट साचतं आणि आयनांची वाट अडते.

आता तुमचा फायदा. संगमनेर असो की लोणी, हे गणित करायला कोट्यवधींची लॅब लागत नाही. ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ या डेटाबेसमध्ये हजारो पदार्थांच्या ऊर्जा मोफत मिळतात आणि ‘पायमॅटजेन’ ही पायथनची लायब्ररीही फुकट आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवताय? एक घन इलेक्ट्रोलाइट निवडा आणि तो लिथियमसमोर कशाकशात मोडतो, याची यादी काढा. मग त्या यादीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं कुणी आहे का, ते बघा.