वहिवाटीचं न्यायालय

पेण आणि नागोठण्याच्या मधल्या कासूत भातखाचरांना खाचरं लागून आहेत. वरच्या खाचरातून नैसर्गिकपणे खाली येणारं पाणी शेजाऱ्याने भर घालून अडवलं, तर दाद तहसीलदाराकडे मागता येते. अशा वेळी तो महसूल अधिकारी न्यायाधीश होऊन बसतो. हेच मामलेदार न्यायालय.

मुंबई प्रांतात त्याचा पहिला कायदा १८६४ चा. १८७६ मध्ये तो नव्याने केला गेला आणि १९०६ चा कायदा आजही लागू आहे. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ मध्ये रायगड झाला, मामलेदाराला सगळे तहसीलदार म्हणू लागले, पण कायद्याचं नाव तेच राहिलं.

या न्यायालयाची हद्द आखूड आहे आणि माझ्या मते तेच त्याचं बळ. जमीन कोणाची, हा प्रश्न ते सोडवत नाही. कालपर्यंत वहिवाट कोणाची होती आणि ती बेकायदा मोडली का, एवढंच पाहतं. शेतातून हुसकावलेल्याला ताबा परत देणं, अडवलेली जुनी वाट किंवा पाणी मोकळं करणं, अडथळा करू नये म्हणून मनाई करणं, हे त्याचे अधिकार. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं चालू शकतो. लावणी तितका काळ थांबत नाही. मामलेदाराच्या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागता येते, आणि अखेरचा शब्द दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा.

कारभार आणि न्याय एकाच हाती असणं जगात नवं नव्हतं. जर्मनीतल्या बव्हेरियात लांडगेरिख्ट नावाची प्रादेशिक न्यायालयं दोन्ही कामं पाहत. १८६२ मध्ये तिथे ती वेगळी केली गेली. आपल्याकडे उलट भर पडत गेली. १९४८ च्या कूळ कायद्याने कूळ कोण हे ठरवण्याचं कामही मामलेदाराकडे दिलं. खोतीचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांचा, जाच सोसलेल्या कुलाब्यात हा अधिकार किती मोलाचा होता, हे खोतांविरुद्धच्या चरी गावच्या शेतकरी संपाचा इतिहास जाणणाऱ्याला सांगायला नको.

निवडणूक, आपत्ती, दाखले, पुरवठा असं सगळं सांभाळणाऱ्या तहसीलदाराकडून वेळेत सुनावणीची अपेक्षा ठेवायची, तर या कामासाठी आठवड्यातला ठरलेला दिवस राखून ठेवायलाच हवा.

शेतकऱ्यांनी एक मुदत मात्र विसरू नये. वाट किंवा पाणी अडवलं गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. जुनी वाट नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर अर्ज जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली, त्याच तहसीलदाराकडे करायचा.