पाय मुरगळतो तेव्हा

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात एका संध्याकाळी माझी पुतणी मैदानावरून लंगडत घरी आली. ती नववीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. खांबाला वळसा घालताना तिचा उजवा पाय आतल्या बाजूला दुमडला होता. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज आली होती. पायरीवर बसता बसताच तिने विचारले, "काका, बारा दिवसांनी जिल्ह्याचे सामने आहेत. मी खेळू ना?" तिच्या आजीने तोवर तेल गरम करायला ठेवलेही होते.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण मुरगळलेल्या पायाशी माझी ओळख जुनी आहे. अकरावीत असताना माझाही उजवा घोटा असाच मुरगळला. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी तो खसाखसा चोळला, वर गरम विटेचा शेक दिला आणि आठव्या दिवशी मी पुन्हा मैदानात उतरलो. त्यानंतर तो पाय इतक्या वेळा मुरगळला, की मी मोजणे सोडून दिले. आजही सपाट रस्त्यावर कधीतरी तो दगा देतो. म्हणून पुतणीला मी लगेच उत्तर दिले नाही. तेलाखालचा गॅस मात्र बंद केला.

आता तुम्ही एक करा. दोन्ही हातांची बोटे घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर ठेवा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खालपर्यंत गेलेला आढळेल. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांची ही टोके आहेत. सुतार लाकडाच्या खाचेत दुसरे लाकूड बसवतो, तसे या दोन टोकांच्या खाचेत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसलेले असते. बाहेरची भिंत लांब असल्यामुळे पाऊल बाहेर कलायला अडते. आतली भिंत आखूड, म्हणून ते आत सहज कलते. शिवाय खाचेतले हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. टाचेवर उभे राहिलो, की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो; चवड्यावर आलो, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. खेळाडू धावतो, उडी मारतो, वळतो ते चवड्यावर! म्हणजे सांधा सर्वांत सैल असतानाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो.

पाऊल फार आत कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूला तीन चिवट पट्ट्या हाडाला हाड बांधून ठेवतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. त्यांपैकी पुढचा सर्वांत दुबळा, आणि बहुतेक वेळा पहिला बळी त्याचाच.

खांबापाशी काय घडले ते पाहू. पुतणी डावीकडे वळत होती. जडत्वामुळे शरीर सरळ पुढे जाऊ पाहत होते आणि उजव्या तळव्याला जमिनीच्या घर्षणाने जागीच धरून ठेवले होते. तिचे वजन ४५ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ४४० न्यूटन. घर्षणबल त्याच्या निम्मे, २२० न्यूटन धरू. घोट्याचा सांधा जमिनीपासून साधारण ८ सेंटिमीटर वर असतो. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. ते येथे सुमारे १७.६ न्यूटन-मीटर येते. मीटरभर लांबीच्या काठीच्या टोकाला पावणेदोन किलोहून थोडे अधिक वजन टांगले आणि दुसरे टोक मुठीत आडवे धरले, तर मनगटाला जो पीळ बसेल तेवढा हा पीळ. करून पाहा, म्हणजे अंदाज येईल. पाऊल जोवर सपाट आहे तोवर शरीराचे वजन या पिळाला विरोध करते. परंतु घोटा एकदा पावलाच्या बाहेरच्या कडेपलीकडे गेला, की तेच वजन फितूर होते आणि पाऊल आणखी दुमडू लागते.

अशा वेळी नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल सावरू पाहतात. पण ताण जाणवून स्नायू आवळायला सेकंदाचे सुमारे ६० ते ८० सहस्रांश लागतात आणि पाय मुरगळायलाही साधारण तेवढाच वेळ पुरतो. ही शर्यत स्नायू पुष्कळदा हरतात.

अस्थिबंध रबरासारखा नसतो. त्याची जात दोरखंडाची. त्याच्या तंतूंना बारीक चुण्या असतात. प्रथम त्या सरळ होतात, मग तंतू ताणले जातात. लांबी सुमारे ४ टक्क्यांहून अधिक वाढली, की एकेक तंतू तुटू लागतो. थोडे तंतू तुटले तर पहिल्या पायरीची दुखापत, बरेच तुटले तर दुसऱ्या, आणि सारा बंध तुटला तर तिसऱ्या पायरीची.

आता उपचार. १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली आणि ती जगभर पाठ झाली. २०१४ मध्ये मात्र त्यांनीच लिहिले, की बर्फामुळे बरे होण्याची क्रिया लांबू शकते. सूज ही दुरुस्तीचीच सुरुवात असते. म्हणून बर्फ वेदना कमी करण्यापुरता, फडक्यात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे लावावा. फ्रीजमधून काढलेला कोरडा बर्फ शून्य अंशाच्या बराच खाली असू शकतो आणि तो थेट लावल्यास कातडी जळते. वितळू लागलेला बर्फ मात्र शून्यावरच थांबतो. शिवाय प्रत्येक ग्रॅम वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषली जाते. तेव्हा पिशवीत थोडे पाणी घातलेला बर्फच बरा.

पाय उंच ठेवण्यामागचे गणित मला विशेष आवडते. उभे राहिल्यावर घोटा हृदयाच्या सुमारे मीटरभर खाली असतो. तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब जवळजवळ १०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७५ मिलिमीटरएवढा भरतो. हा जादा दाब केशवाहिन्यांतून पाणी बाहेर ढकलत राहतो. आडवे होऊन पाय उशीवर घेतला, की तो दाब नाहीसा होतो. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवला तर फायदा अर्धामुर्धाच!

क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जावे. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावे. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणे पूर्ण वर्ज्य. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्याने पुन्हा वाहू लागतात. आजीचा आंबेहळदीचा लेप मी अडवला नाही, मात्र चोळू दिले नाही.

हाड मोडले असते तर चालताच आले नसते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम प्रसिद्ध केले. चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याच्या उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरांत, दाबल्यावर हाड दुखत असेल, अथवा पावलाच्या मध्यावरची ठरावीक हाडे दुखत असतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. तुमच्या वयात आणखी एक गोष्ट असते. हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या कूर्चेचा थर असतो आणि तो काही वेळा अस्थिबंधाहूनही दुबळा ठरतो. म्हणून पुतणी चार पावले चालली तरी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले: दुसरी पायरी, हाड शाबूत, सामने नाहीत. रडारड झाली.

सूज आठवड्यात ओसरते आणि फसगत होते ती येथेच. अस्थिबंधाला रक्तपुरवठा बेताचा असतो. तुटलेल्या जागी नवे तंतू विणायला काही आठवडे आणि ते पक्के व्हायला कित्येक महिने लागतात. नवे तंतू आधी कसेही, विस्कटलेल्या सुतासारखे पडतात. बेताचा ताण मिळाला, तरच ते ताणाच्या दिशेने रांगेत लागतात. म्हणून महिनाभर खाटेवर पडून राहणेही चूकच. दुखेल त्याच्या अलीकडे थांबून चालायचे आणि पाऊल वर-खाली हलवायचे.

माझ्या पायाचे दुखणे मात्र निराळे होते. अस्थिबंधात आणि सांध्यात ताण टिपणारी मज्जातंतूंची टोके असतात. पाऊल किती कलले आहे ते मेंदूला न बघता कळते, ते बरेचसे त्यांच्यामुळे. दुखापतीत ही टोकेही इजा पावतात. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वारंवार दगा देणाऱ्या घोट्याचे मूळ पुष्कळदा या हरवलेल्या जाणिवेत असते आणि तोल सावरण्याच्या व्यायामाने ती सुधारते. व्यायाम साधा आहे: एका पायावर उभे राहायचे, ते जमले की डोळे मिटून. अर्थात भिंतीजवळ. १९६५ सालचे हे ज्ञान आमच्या गावापर्यंत माझ्या अकरावीतही पोचले नव्हते.

गुडघ्याचे प्रकरण अधिक गंभीर. अर्ध्या मीटर उंचीवरून उडी मारून पाय ताठ ठेवले आणि शरीर ५ सेंटिमीटरांत थांबले, तर ४५ किलोग्रॅम वजनाच्या मुलीला सरासरी सुमारे ४८५० न्यूटन बल सोसावे लागते. गुडघे वाकवून शरीर ४० सेंटिमीटरांत थांबवले, तर जेमतेम १००० न्यूटन! ऊर्जा तीच, फक्त अंतर वाढवले. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे असतात. त्यांपैकी पुढचा तरुण माणसात सुमारे २००० न्यूटन ताण सोसतो. तरीही ताठ पायावर उतरताना किंवा पाऊल रोवून एकदम वळताना, कोणाचा धक्का न लागताही तो तुटतो. 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा फुगतो. असे झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. पूर्ण तुटलेला हा बंध सहसा आपोआप नीट जुळत नाही. पुष्कळ खेळाडूंना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते आणि मैदानावर परतायला नऊ महिने किंवा अधिक लागतात. कुस्तीगीर विनेश फोगाट हिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याची गंभीर दुखापत होऊन स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते. २०१८ मध्ये तिने जकार्ता येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. मधली दोन वर्षे लक्षात घ्या.

पुतणी सामन्यांना गेली, पण गुणलेखकाशेजारी बसायला. संघ दुसऱ्या फेरीत हरला आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला दोन्ही पायांवर आळीपाळीने लंगडी घालायला लावून अंतर मोजले. उजव्या पायाची उडी डाव्याच्या बरोबरीला आल्यावरच त्यांनी परवानगी दिली. अजून रोज संध्याकाळी आम्ही दोघे अंगणात एका पायावर डोळे मिटून उभे राहतो. ती डाव्यावर चाळीस सेकंद टिकते, उजव्यावर पस्तीस. मी माझ्या उजव्यावर अकरापर्यंत आलो आहे.