टाकीवरची हिरवी साय

गेल्या उन्हाळ्यात विंझरला आमच्या गटाच्या सिमेंटच्या टाकीत पाण्यावर हिरवी साय धरली. शेवाळ असेल म्हणून सोडून दिलं. एका पहाटे रोहूची बोटुकली तोंड वर काढून धापा टाकत होती, उजाडेपर्यंत निम्मी उलटी तरंगली.

ते शेवाळ नव्हे, नील-हरित जिवाणू. त्यांच्यातलेच काही आपल्या भातखाचरात हवेतला नत्र धरून पिकाला देतात, म्हणून सरसकट वैरी म्हणवत नाही. पण साचलेलं कोमट पाणी आणि उरलेलं खाद्य मिळालं की बेसुमार वाढतात. समुद्रातले मासे काचपेटीत पाळणाऱ्यांकडे हीच साय तांबड्या चादरीसारखी वाळूवर पसरते. दिवसा हे जिवाणू प्राणवायू सोडतात, रात्री तोच ओढून घेतात. म्हणून घात होतो तो पहाटे.

त्यात आमचा हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला. वीज गेली, नळीतून पाणी उलटं पंपात शिरलं, मग वीज येऊनही तो चालेना. आता पंप उंच फळीवर असतो. हवेचे दगड बुळबुळीने बुजतात, ते दर आठवड्याला घासतो. वीज नसली की पाळीपाळीने टाकीतलंच पाणी बादलीने उंचावरून परत ओततो.

औषध टाकून साय एकदम मारू नका. ती कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि विष पाण्यात उतरतं. कापडी जाळीने काढा, खाद्य कमी करा, पाव टाकी पाणी बदला. शेळ्यांना, कोंबड्यांना ते पाणी पाजू नका. काही जातींचं विष यकृतावर जातं. साय काढताना हातमोजे घालायचे, हे आम्ही खाज सुटल्यावर शिकलो.