मागच्या सीटचा मान

पिंपरीला टेल्कोच्या आवारात जोडलेली पहिली मर्सिडीज ‘ई-क्लास’ १९९५ साली बाहेर पडली, तेव्हा गिरणी संपाला तेरा वर्षं झाली होती. परळमधल्या काही गिरण्या रडतखडत चालू होत्या, बऱ्याच बंद पडल्या होत्या, आणि चिमण्या अजून जागेवर होत्या. पुढच्या तीस वर्षांत देशातल्या महागड्या मोटारी कमला मिल आणि मथुरादास मिलच्या फाटकांतून ये-जा करतील असं त्या वर्षी कुणी म्हटलं असतं, तर नाक्यावर त्याची यथेच्छ टिंगल झाली असती. फाटकांची नावं तशीच राहिली. आत जाणारे बदलले, आणि भोंग्याच्या जागी बूम बॅरिअर आला.

या तीस वर्षांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार, व्होल्वो, लेक्सस या सगळ्यांनी आपापल्या सेडान इथे आणून पाहिल्या. मोटारींच्या मासिकांत त्यांची तुलना हॉर्सपॉवरवर आणि शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते यावर होत राहिली. सेनापती बापट मार्गावर संध्याकाळी सहानंतर या आकड्यांना काडीचा अर्थ नसतो. तिथे ताशी अडीचशेची गाडी आणि बेस्टची बस एकाच गतीने सरकतात. परळने या गाड्या चालवून पारखल्याच नाहीत. मालकांनी त्या मागे बसून पारखल्या आणि बाकीच्यांनी फुटपाथवर उभं राहून. कोणता ब्रँड इथे टिकला आणि कोणता मावळला, याचा उलगडा मला तरी इथूनच होतो.

मर्सिडीजचा तारा या भागाला नवा नव्हता. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा मालट्रकचा करार १९५४ चा. १९६९ पर्यंत या ट्रकच्या नाकावर तोच तीन टोकांचा तारा असे. कापसाच्या गासड्या वाहणाऱ्या, गोदीतून माल उचलणाऱ्या ट्रकवर तो परळ-लालबागने आधी पाहिला. जर्मनीत ज्याला श्रीमंतीची खूण मानतात, त्याची इथली पहिली ओळख ओझं वाहणारा दणकट गडी म्हणून झाली. या ओळखीचा मर्सिडीजला पुढे तोटा झाला नाही. ‘मर्सिडीजचं इंजिन’ हे शब्द या शहरात सेल्समन येण्याच्या कितीतरी आधी पोचलेले होते.

त्याही मागे जायचं तर शेजारच्या शिवडीला जावं लागेल. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे मोटारी जोडायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात सरकारने देशी सुट्या भागांचा आग्रह धरल्यावर गाशा गुंडाळला. या कंपनीच्या आल्फ्रेड स्लोनने अमेरिकेत ब्रँडची एक शिडीच रचली होती: खाली शेव्हरोले, मग पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबाइल, ब्युइक आणि सगळ्यांत वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढावी, आणि ती चढल्याचं शेजाऱ्याला दिसावं. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये याच्या पुढची गंमत होती. क्रायस्लरच्या भागांवरून तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन गाड्या तयार होत. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट यांचा सांगाडा एकच होता. फरक मुख्यतः जाळीचा आणि नावाचा. पत्रा तोच, मान वेगळा, हा धडा मुंबईने इतक्या लवकर गिरवलेला आहे.

नंतरची तीस-पस्तीस वर्षं फियाट आणि अँबॅसडर यांची. तेव्हा नंबर लावून गाडी हातात पडणं हीच प्रतिष्ठा होती, त्यामुळे ब्रँडची चुरस हा विषयच नव्हता. काँटेसा, ११८ एनई, मारुती १००० यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून थोडी हालचाल केली, पण त्या हौसेच्या गाड्या होत्या. डॉक्टर, वकील, दादरचा सराफ यांच्या पलीकडे त्यांचं अप्रूप फारसं पसरलं नाही.

म्हणून १९९५ ची ई-क्लास धडाक्यात खपेल असं कंपनीला वाटलं असणार. तसं झालं नाही. वीस लाखांच्या वर किंमत, आणि मॉडेल कोणतं? ज्याची जागा युरोपात त्याच वर्षी नव्या पिढीने घेतली ते. पैसेवाल्या गिऱ्हाइकाला परदेशातले नातेवाईक असतात आणि त्यांच्याकडून त्याला सगळं कळतं, हे या जर्मनांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी ती गाडी यंत्र म्हणून अस्सल होती. लाखो किलोमीटर चालूनही कुरकुर न करणाऱ्या त्या ठोकळ्याबद्दल गॅरेजवाले आजही आदराने बोलतात, आणि नंतरच्या सॉफ्टवेअरने भरलेल्या पिढ्यांबद्दल तितक्याच आदराने बोलत नाहीत.

खरा खेळ सुरू झाला तो गिरण्यांच्या जमिनींबरोबर. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली आपल्या गिरण्या लिलावात काढल्या. एकटी ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीनविक्रीची वाट मोकळी केली. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास ऑडीने औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी हाती घेतली. परळच्या काचेच्या इमारतींत बँका, जाहिरात कंपन्या, वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर चाळिशीतला, पगारदार, मोठा बोनस घेणारा ग्राहक आला. पेढीवरच्या शेठजींची मर्सिडीज त्याला वडिलांची गाडी वाटे. त्याला बीएमडब्ल्यू हवी होती, आणि कंपनीने ती मासिक हप्त्यात आणून दिली. २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने विक्रीत मर्सिडीजला मागे टाकलं. २०१३ मध्ये ऑडीने वर्षाला दहा हजारांचा टप्पा ओलांडून दोघांनाही. तेव्हा शोरूममध्ये गाडीच्या गुणांपेक्षा व्याजदर, परतखरेदीची हमी आणि सवलत यांवरच बोलणं जास्त होई. धंद्याच्या नावावर घेतली की वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, हे गिऱ्हाईकच सेल्समनला ऐकवे.

या हिशेबी श्रीमंतीचा आपल्याकडचा सगळ्यांत रोखठोक नमुना परळचा नव्हे, औरंगाबादचा. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या दीडशे जणांनी मिळून एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर त्याची बातमी झाली, मुंबईत थोडी थट्टाही झाली. मला ती थट्टा पटली नव्हती. घाऊक घेतलं की भाव पाडून मिळतो, ही भाजीबाजारातली अक्कल त्यांनी मर्सिडीजला लावली, आणि गावाचं नाव झालं ते वेगळंच. मान आणि मोल दोन्ही एकाच सौद्यात पदरात पाडणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्याच शेंद्र्यात कुर्ल्याची गोष्ट पुन्हा घडत होती. एकाच उद्योगसमूहाच्या स्कोडा सुपर्ब आणि ऑडी ए-फोर तिथे जोडल्या जात. दोन्हींत १.८ लिटरचं एकाच घराण्यातलं पेट्रोल इंजिन मिळे, मागच्या सीटवर पाय पसरायला सुपर्बमध्ये कितीतरी जास्त जागा, आणि किंमत बरीच कमी. निव्वळ मोल पाहणाऱ्याने सुपर्बच घ्यायला हवी होती, आणि काही जाणत्यांनी घेतलीही. पण हॉटेलच्या पोर्चमध्ये व्हॅलेवाला ऑडी दर्शनी भागात लावतो आणि स्कोडा तळघरात धाडतो. जास्तीचे पैसे त्या दर्शनी जागेचे. कर्नाटकातल्या बिडदीला टोयोटा कॅम्री आणि लेक्सस ईएस यांचं नातंही असंच, पायाभूत आराखडा एक आणि बिल्ला वेगळा. मात्र लेक्ससने शांतपणा आणि न बिघडण्याची ख्याती यांवर आपलं छोटं पण पक्कं गिऱ्हाईक बांधलं. टॉवरच्या पोडियमवर ड्रायव्हरांचा अड्डा जमतो तिथे कौल मागितला, तर लेक्ससला जास्त मतं पडतील अशी माझी अटकळ आहे. सर्व्हिस सेंटरच्या बाकावर दिवस घालवावा लागतो तो त्यांना, मालकाला नव्हे.

जॅग्वारचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात संपलं. टाटांनी २००८ मध्ये ती फोर्डकडून घेतली, पुढच्या वर्षी शेजारच्या वरळीत पहिली शोरूम उघडली, एक्सएफ पुण्यात जोडू लागले. अभिमान सगळ्यांना वाटला, गाडी मोजक्यांनी घेतली. कारण परत मागची सीट. देखणी, उतरत्या छपराची गाडी उंच माणसाच्या डोक्याला लागते. आज कंपनीने एक्सई आणि एक्सएफ दोन्ही बनवणं थांबवलं आहे.

बीएमडब्ल्यूला हे उमगायला वेळ लागला, आणि त्यात मुंबईच्या रस्त्यांचा वाटा आहे. चालवणाऱ्याचा आनंद हे तिचं ब्रीद. इथे चालवणारा महिना पगारावर ठेवलेला, आणि मालक मागे फोनवर. वर पंक्चर झालं तरी धावणारे रनफ्लॅट टायर दिलेले, म्हणून डिकीत सुटं चाक नाही. त्या टायरच्या भिंती कडक असतात, खड्ड्याचा दणका थेट मणक्यात उतरतो, आणि टायर फुटलाच तर बिल पाहून पुन्हा बसावं लागतं. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांबवलेली ई-क्लास चाकणला बनवून उतरवली. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास त्याआधी कुठेच नव्हती. जादा लांबी सगळी मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना. २०१५ पासून विक्रीत पहिला आलेला तारा त्यानंतर खाली आला नाही. मग बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये लांब थ्री सीरिज आणली आणि २०२४ मध्ये लांब फाइव्ह सीरिज, ७२ लाख ९० हजारांना. त्याच वर्षी नवी लांब ई-क्लास साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून सुरू झाली. चालवणाऱ्याची गाडी म्हणून मिरवणारी कंपनी अखेर मागच्या दारातून आत आली.

साडेअठ्ठ्याहत्तर लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्राचा वाहनकर १३ टक्क्यांनी दहा लाखांच्या वर जातो. लोअर परळच्या श्रीनिवास मिल आणि नायगाव-वडाळ्याकडच्या बॉम्बे डाईंगच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाने काढलेल्या २०२० च्या सोडतीत घराची किंमत साडेनऊ लाख होती, सव्वादोनशे चौरस फुटांच्या. दोन्ही आकडे एकाच गिरणगावात नांदतात.

सेडानच्या मानाला खरा धक्का स्पर्धकांनी दिला नाही. तो परळच्या हिंदमाता चौकाने दिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी शहरभर मोटारी बुडाल्या, पण हिंदमाताच्या चौकाला त्यासाठी इतका पाऊस लागत नव्हता. भरतीच्या वेळी तासभर जोराची सर आली की पुरे. बुटक्या गाडीची हवा ओढायची नळी पाण्यात गेली, इंजिनात पाणी शिरलं आणि ड्रायव्हरने घाबरून पुन्हा स्टार्टर मारला, की आतले दांडे वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, हे अनेकांना दुरुस्तीचा आकडा पाहिल्यावर कळलं. इंजिनासाठी वेगळं कवच घ्यायची चाल त्यातून रुळली. महापालिकेने पुढे सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, हिंदमाता आणि परळ हे दोन पूल रस्ता उंचावून जोडले. फरक पडला. तोवर मात्र घरटी दुसरी गाडी उंच एसयूव्ही झाली होती, आणि लवकरच पहिलीही. व्होल्वोचा तर आज इथे मुख्य भर एसयूव्हीवरच आहे.

वापरलेल्या बाजारात हिशेब उलटा फिरतो. तीन-चार वर्षांत आलिशान सेडानची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते. सात-आठ वर्षांची ई-क्लास नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते. ती घेणारा पहिल्या मालकापेक्षा शहाणा, असं मी पूर्वी म्हणत असे. एअर सस्पेन्शन बसल्यावर येणारा खर्च ऐकल्यापासून अटी घालून म्हणतो. लग्नाच्या हंगामात लालबागच्या हॉलसमोर फुलांनी सजलेली पांढरी मर्सिडीज उभी असते ती बहुधा अशीच, तिसऱ्या मालकाची, भाड्याने फिरणारी. नवरदेव मागेच बसतो. त्या तासाभरात तिचं वय कुणी विचारत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासकट पन्नाशीच्या आसपास होता तो सरसकट ४० टक्क्यांवर आला, त्यामुळे शोरूममधली गर्दी वाढली. विजेच्या गाड्यांवर तो पाचच टक्के असल्याने मर्सिडीज ईक्यूएस आणि बीएमडब्ल्यू आय-सेव्हनही पोडियमवर दिसू लागल्या आहेत, आवाज न करता. आणि ज्यांना ब्रँडच्या या चढाओढीत पडायचंच नाही त्यांच्यासाठी ताडदेवच्या आरटीओची खिडकी आहे. एमएच ०१ मालिकेतल्या ०००१ या क्रमांकासाठी २०२४ पासून सहा लाख रुपये शुल्क पडतं. तो कोणत्याही कंपनीच्या गाडीला लावता येतो, स्कोडालासुद्धा.